आईच्या आईचं माप

ब्लाझच्या हातात ड्रोन आला तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. बाप निवृत्त झाला, आता दिवसभर खिडकीत बसून लाटा मोजत बसेल, या काळजीनं डब्लिनच्या लेकीनं तो पाठवला. वजन दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. दुसरा कुणी असता तर खोकं फोडून अंगणातच उडवला असता. ब्लाझनं काय केलं, तर तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन खरंच तेवढं आहे का ते पाहिलं. मग नोंदणी केली, नोंदणीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पोटाला लावला आणि परीक्षेला बसला. एवढ्या हलक्या ड्रोनला परीक्षा लागत नाही, असं लेक फोनवर कंठशोष करून सांगत होती. तरी हा बसला. एकदा नापास झाला, पुन्हा बसला, आणि दीड महिन्यानं ड्रोन जमिनीवरनं हातभर उचलला.

असा माणूस. त्याला हसायचं असेल तर हसा, गाव हसतच होतं. पण त्यामागं काय होतं ते आधी ऐका.

चौतीस वर्षं तो रस्तेखात्यात होता. वेलेबितचा डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात जो किनाऱ्याचा रस्ता आहे, त्यावर डोंगरावरनं बुरा सुटला की ट्रक आडवे होतात. बुरा म्हणजे आमचा हिवाळी वारा. त्याची चेष्टा करणारा एकदाच करतो. तो सुटला की रस्ता बंद करायचा, आडवा दांडा टाकायचा, आणि वरून हुकूम आल्याशिवाय कुणासाठी उचलायचा नाही, हे ब्लाझचं काम. त्यानं डॉक्टरांना थांबवलं, नवरा-नवरीला थांबवलं. एकोणीस वर्षांपूर्वी जानेवारीत त्याचा बाप झादर शहरातल्या दवाखान्यात वारला. शववाहिनी दांड्यापाशी आली तेव्हा पाळी ब्लाझचीच होती. चालकानं काच खाली करून सांगितलं, "ब्लाझ, आत तुझाच बाप आहे रे." ब्लाझनं दांडा उचलला नाही. बाप एक दिवस आणि एक रात्र पेट्रोलपंपाच्या आडोशाला पडून राहिला. इकडं पाद्री ताटकळला आणि मयताला जमलेली माणसं जेवून आपापल्या घरी गेली. वारा खोटा नव्हता, त्या रात्री एक ट्रक खरंच समुद्रात गेला. म्हणजे चूक कुणाचीच नाही. त्याची आई, योकाम्हातारी, यावर एकदाच बोलली, "नियमानं वागलास, बाळा." ते वाक्य ब्लाझ अजून रोज ऐकतो.

तर असा हा ड्रोन उडवू लागला. गावानं सुरुवातीला संशय घेतला. आमच्याकडं निम्म्या घरांवर कागदावर नसलेला एखादा मजला आहेच, त्यामुळं आकाशात काही गुणगुणलं की लोक ताडपत्र्या शोधायला धावले. नंतर कळलं, की ब्लाझ कुणाच्या घरावरून, माणसांच्या डोक्यावरून, जत्रेवरून काही उडवतच नाही. मग लोक उलट मागं लागले. बुऱ्यानं माझी कौलं उडाली का बघ, माझी शेळी कुठल्या कपारीत अडकली बघ. तो बघायचा. त्याला वरून बघायला आवडायचं. खाली गुडघे, औषधं, बिलं. वर गेलं की सगळं शांत आणि आखीव दिसतं, असं तो एकदा मला म्हणाला होता. एवढंच त्याचं सुख.

जूनमध्ये आईला घेऊन तो झादरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. बाई म्हणाल्या, कडेचं दिसत राहील, पण मधली नजर चाललीय; वर्ष सरायच्या आत जाईल. योका सत्त्याऐंशीची. ऐकून घेतलं, गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "माझ्या आईचं माप मला एकदा बघायचंय."

हे माप म्हणजे काय, ते सांगायला हवं. वर डोंगरातल्या वाड्यांवर माणूस गेलं की त्याला खाली समुद्राकाठच्या देवळापाशी पुरायला आणावं लागे. पाच तासांची उतरण. खांदेकरी बदलत, पण प्रेत जमिनीला टेकवायचं ते एकाच ठिकाणी, खिंडीतल्या सपाटीवर. तिथं त्याला उन्हात निजवायचं, डोक्याशी एक दगड रोवायचा, पायाशी एक दगड रोवायचा, आणि उचलून पुढं न्यायचं. मागाहून घरचे येऊन दोन दगडांच्या मधे फरश्या बसवत. याला मिरिलो म्हणतात; त्या माणसाचं माप. थडगं देहाचं, जीव मापापाशी राहतो, असं आमच्याकडं मानतात, आणि आठवण दाटून आली की बायका थडग्याकडं नाही, तिकडं जात. आता रस्ता झाला, गाडी आली, वाड्या ओस पडल्या. आता कुणी कुणाचं माप घेत नाही.

योकाची आई एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यात गेली. योका तेरा वर्षांची होती. घरातनं उचलायच्या आधी आजीनं लोकरीच्या दोरीनं सुनेची उंची मोजून घेतली आणि दोरी कापून नातीच्या हातात दिली. ती दोरी अजून योकाच्या पेटीत आहे. लग्न होऊन खाली आल्यावर ती दर वसंतात खिंडीत जायची, दगडांमधलं गवत उपटायची. बारा वर्षांपूर्वी तेही थांबलं. आणि गेल्या वर्षी कुणी वाटसरू सांगून गेला, की रानडुकरांनी तिकडं सगळं उकरून ठेवलंय, दगड पाडलेत.

"ते आहे की नाही, एवढंच मला कळू दे," योका म्हणाली. "डोळे जायच्या आधी. मग गेले तर गेले."

"एखाद्या गिर्यारोहकाला सांगतो, फोनवर फोटो काढून आणेल."

"त्याला काय कळणार कुठलं माझ्या आईचं? अकरा आहेत तिथं. नक्षी झिजली. तो आणेल फोटो भलत्याच बाईचा. तू तुझं ते भुणभुणं ने. खालून नुसते दगड दिसतात रे. वरून माप दिसेल. माझी आई सगळ्यांत ठेंगणी होती. मी बोट ठेवीन बरोबर."

म्हातारीचं म्हणणं चूक नव्हतं. ब्लाझच्या गुडघ्यांना खिंडीपर्यंत जाणं शक्य नव्हतं, पण खालच्या जुन्या पाण्याच्या टाक्यापर्यंत जाता आलं असतं, आणि तिथून खिंड समोर दिसते. पण खिंड राखीव डोंगरात येते. तिथं उडवायला उद्यानाची परवानगी लागते. वरून फोटो काढायला राजधानीतल्या एका कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. आणि काढलेले फोटो प्रसिद्ध करण्याआधी त्यांनाच दाखवून तपासून घ्यावे लागतात.

शेजारी तादिया, सत्तरीचा, एक खुबा प्लास्टिकचा, तोंड मात्र अस्सल. तो म्हणाला, "अरे मर्दा, सकाळी सहाला जा, पाच मिनिटं उडव, परत ये. तिथं तुला कोण बघणार, गिधाडं?"

"गिधाडांसाठीच तर नियम आहे."

"गिधाडं तक्रार करणार आहेत का?"

"तादिया, दांडा सगळ्यांसाठी असतो."

तादियाच्या जिभेवर काय आलं असेल ते मला ठाऊक आहे आणि ब्लाझलाही ठाऊक होतं. पण तो बोलला नाही, कॉफी संपवून उठला. तेवढी लाज आमच्यात अजून आहे.

अर्ज गेले. नकाशा जोडला नाही म्हणून एक परत आला. नकाशा जोडला, तर वेळ लिहिली नाही. उद्यानाच्या कार्यालयात निवेस नावाची मुलगी आहे, गोड बोलणारी, कामाखाली दबलेली. ती म्हणायची, "ब्लाझकाका, तुमच्या अर्जाइतका स्वच्छ अर्ज मी पाहिला नाही. पण माझ्या हातात शिक्का नाही हो." जुलै गेला. ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर. रोज संध्याकाळी योका विचारायची, "आला का कागद?" आणि ब्लाझ म्हणायचा, "येईल." या एका प्रश्नानं तो जितका दमला तितका चौतीस हिवाळ्यांनी दमला नसेल. सप्टेंबरच्या मध्यात कागद आला. तीन दिवसांची मुदत, सकाळी आठ ते दहा.

पहिले दोन दिवस वारा. तिसऱ्या दिवशी पहाटे ब्लाझनं खिडकी उघडली, पान हलत नव्हतं. निघताना योकानं रोझमेरीची काडी पुढं केली. "तिच्या उशाशी टाक वरून."

"ड्रोनमधनं काही टाकायला मनाई आहे, आई."

"काडी आहे रे ती. बॉम्ब आहे का?"

"मनाई म्हणजे मनाई."

तिनं काडी परत पेल्यात ठेवली.

टाक्यापर्यंतची अर्ध्या तासाची वाट ब्लाझनं दीड तासात काढली, आणि मागनं तादिया, खुब्याला शिव्या घालत. एवढ्या दूरवर ड्रोन नजरेत ठेवायचा तर पायलटशेजारी आणखी एक माणूस हवा, म्हणून त्याला आणलं होतं. ड्रोन उठला, खिंडीकडं गेला, ठिपका झाला. पडद्यावर झुडपं, मग उद्यानानं वाटसरूंसाठी ठेवलेला बाक, आणि त्याच्या पलीकडं, कोवळ्या उन्हात, अकरा मापं. माणसं शेजारी-शेजारी निजलेली असावीत तशी. सहाव्याचा डोक्याचा दगड कलंडला होता, दोघांच्या फरश्या उचकटल्या होत्या. पण काठाचं, सगळ्यांत आखूड, जसंच्या तसं होतं.

"दिसलं का? दाखव की," तादिया म्हणाला.

"तू वर बघ. तुझं काम वर बघायचं आहे."

"दीड तास चढलो मी, आणि आकाश बघू?"

"उतरू दे, मग बघ."

उतरल्यावर मात्र ब्लाझनं पडदा बंद केला. फोटो तपासून आले नव्हते ना. घरी योका दारात उभी होती, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी नवा रुमाल बांधून.

"आहे?"

"आहे, आई. धड आहे."

ती दाराला टेकली. म्हणाली, "दाखव."

आणि इथं या शहाण्यानं जे केलं ते दुसऱ्या कुणीही केलं नसतं. फोटो तपासून येईपर्यंत प्रसिद्ध करायचे नाहीत, असं कागदावर होतं. ब्लाझनं विचार केला, की आईला दाखवलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला दाखवलं; तिच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि तादिया तर भिंतीपलीकडंच आहे. "कागद आला की दाखवतो," तो म्हणाला. "थोडेच दिवस." त्यानं फोटो कार्यालयाला पाठवले आणि ड्रोनमधलं फोटोंचं कार्ड पाकिटात घालून पाकीट कपाटात ठेवलं.

योका आठवडाभर विचारत राहिली. मग विचारायची थांबली. ब्लाझला वाटलं, समजूत पटली. एकदा तिनं कॉफी पेल्याबाहेर ओतली, एकदा वाटीऐवजी टेबलावर चीज ठेवलं. म्हातारं माणूस, तो मनात म्हणाला, आणि फडक्यानं पुसून घेतलं.

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी, उत्तर आलं. फोटोंना हरकत नाही. ब्लाझनं हात धुतले, मोठ्या पडद्यावर फोटो लावला, आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. "ठेव बोट," तो म्हणाला.

योकानं बोट पुढं केलं. ते पडद्याच्या कडेवर जाऊन टेकलं, मग सरकत टेबलावर आलं. तिनं मान तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

"मधे धुरळा आहे रे," ती म्हणाली. "कडा दिसतात. खिडकी दिसते. तुझा कान दिसतो."

"कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगून काय? तुझा कागद यायचा होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ब्लाझ बाहेर आला, मोडक्या भिंतीवर बसला आणि त्यानं निवेसला फोन लावला. कशाला लावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुणालातरी विचारायचं, ही सवय. सगळं ऐकून ती मुलगी हळू म्हणाली, "ब्लाझकाका, ते छापण्यापुरतं असतं. लोकांसमोर मांडण्यापुरतं. घरात स्वतःच्या आईला दाखवायला कुणी अडवलं होतं तुम्हाला?"

कुणीच नाही. हे ब्लाझला तत्क्षणी कळलं. यावेळी वाराही नव्हता, हुकूमही नव्हता, दांडा त्याचा त्यानंच टाकला होता. तो रडला. एकसष्ट वर्षांचा बाप्या, भर दुपारी, रस्त्याकडं पाठ करून रडला, आणि तादियानं ते बघितलं आणि शेळ्यांकडं निघून गेला.

फोन अजून चालूच होता. निवेस म्हणत होती, "काका, आहात ना? मी काही करू शकते का?"

ब्लाझनं नाक पुसलं. त्याला फोटोतला बाक आठवला. "खिंडीत तुमचा बाक आहे," तो म्हणाला. "लांबी किती त्याची?"

"बाकाची?" कागद चाळल्याचा आवाज आला. "एकशे ऐंशी सेंटिमीटर. का हो?"

संध्याकाळी त्यानं फोटो छापून घेतला आणि पट्टी लावली. कागदावर बाक बहात्तर मिलिमीटर, काठाचं माप साठ. हिशेब त्यानं तीनदा केला. तिन्ही वेळा दीड मीटर आलं. मग माळ्यावरनं रस्त्याच्या आखणीची लाल दोरी काढली, दीड मीटर मोजली, कापली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"तुझ्या आईचं माप. वरून घेतलेलं."

योका उठली. भिंत चाचपत खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात ती जुनी दोरी होती, लोकरीची, मेंढीच्या रंगाची. तिनं दोन्हींची टोकं जुळवून दातात धरली आणि बोटांनी दोन्ही दोऱ्या सोबत सोबत ओढत नेल्या, एक हात, दुसरा हात. शेवटाला पोचल्यावर अंगठा फिरवला. लोकरीची बोटभर आखूड होती.

"लोकर आटते," ती म्हणाली. "तिचंच आहे."

ती लाल दोरी तिनं गालाला लावली. ब्लाझला तिकडं बघवेना म्हणून तो खिडकीकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं ऐकलं, की ती भिंतीलगतच्या लाकडी बाकावर आडवी होतेय.

"मला लाव," ती म्हणाली.

"आई, असलं काही..."

"लाव म्हणते ना. मेलेल्या माणसाला सांगता येत नाही, मला येतंय. लाव."

त्यानं दोरी धरली. डोक्यापासून टाचेपर्यंत बरोबर पुरली. ना कमी ना जास्त.

"तरुणपणी मी तिच्याहून वीतभर उंच होते," योका छताकडं तोंड करून म्हणाली. "झिजत झिजत तिच्याएवढी झाले बघ. आता ऐक. झादरला मरेन नाहीतर इथं, मला गाडीतनंच नेणार. खिंडीत नेता येणार नाही तुला, कळतं मला. पण खिंडीच्या बरोबर खाली रस्त्याला वळण आहे. तिथं गाडी थांबव. मला खाली उतरवा, थोडा वेळ निजू दे उन्हात. डोक्याशी दगड, पायाशी दगड. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

ब्लाझ म्हणाला, "त्या वळणावर थांबायला बंदी आहे, आई."

"कुणाची?"

"रस्त्याची. फलक आहे तिथं. मीच रोवलाय तो."

"म्हणजे जागा तुला माहीत आहे," योका म्हणाली. आणि डोळे मिटून पुढं, "अर्ज करायचा असेल तर आत्ताच कर हो. मी काही तुझ्या कागदाला थांबायची नाही."

टेबलावर कागदांची फाईल होती, निवेसनं वाखाणलेली, प्रत्येक पानाला क्रमांक घातलेली. ब्लाझनं ती मिटून बाजूला सारली.

"याचा अर्ज नाही करायचा," तो म्हणाला.

त्यानं लाल दोरी गुंडाळली. मग आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं, बापाच्या मयताला घातलेला काळा कोट बाहेर काढला आणि दोरी त्याच्या खिशात ठेवली.